अवसेच्या दिवशीचा घाम

पाठ धरून हे वाचत असाल तर आधी नीट टेकून बसा. घाई काही नाही. मी एसटीतला कंडक्टर, उभा जन्म लोकांना ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणण्यात गेला. तुम्हाला मात्र उलटं सांगणार आहे. जरा थांबा. पाठ कशानं दुखते हे कळल्याशिवाय तिला वाकवू नका आणि कुणाला वाकवू देऊ नका. तो सख्खा भाऊ असला तरी.

लोक म्हणतात, “मास्तर, झालं गेलं, आता कशाला उकरताय?” का म्हणजे? माझे पाय जायच्या वाटेवर होते आणि आजूबाजूची माणसं माझी पाठ थोपटत होती. आज मी काठी घेऊन चालतो. काठी घेऊन का होईना, चालतो, आणि ते कसं ते सांगायला मला कुणाची परवानगी नको.

बसचं दुखणं

माझी गाडी इस्लामपूर–लोणंद. मधे साताऱ्याला चहापुरती टेकायची, की पुन्हा धडधड सुरू. खड्डा आला की ड्रायव्हर गाडी वाचवायचा. कंडक्टरला कोण वाचवतो? पाठ दुखत नाही म्हणणारा कंडक्टर म्हणजे कालच कामाला लागलेला, असं आम्ही आपसात म्हणायचो. त्यामुळं माझी पाठ धरली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही.

पण हे दुखणं हट्टी निघालं. दुसऱ्यांची पाठ सुट्टीच्या दिवशी तरी गप्प बसायची, माझी सुट्टीतही ठणकायची. तिकिटाचा चिमटा हातातून पडला तर वाकून उचलता येईना. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे, पाठ ताठ धरायची, हळूहळू उकिडवं बसायचं, चिमटा घ्यायचा आणि तसंच वर यायचं. एकदा भरल्या गाडीत एका म्हातारीनं विचारलं, “मास्तर, कितवा म्हैना म्हणायचा?” सगळी गाडी खदाखदा हसली. मीही हसलो आणि त्या म्हातारीला खिडकीची जागा मिळवून दिली.

इस्लामपुरातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. नाही थांबलं तर मिरजेला जाऊन पाठीचा एक्स-रे फोटो काढा म्हणाले. मी जाणारही होतो. तेवढ्यात थोरल्या भावाचा, आण्णाचा, निरोप आला: रजा टाक आणि गावाकडं ये, तुझी पाठ मी बघतो.

तापलेली खोली

आण्णा फौजेतून हवालदार होऊन परतलेला. पलटणीत तो जवानांकडून पीटी करून घ्यायचा आणि त्याबरोबर योगासनं शिकला होता. छाती अजून अशी की सदऱ्याच्या गुंड्या तक्रार करत. त्याचं म्हणणं सरळ होतं. “वाळवंटात पोस्टिंग व्हतं तवा ही बॉडी रबरावानी वाकायची. बर्फात गेलो, लाकूड झालं. आसनं तीच, मानूस त्योच. मंग फरक कशाचा? गर्मीचा!”

आता आमच्या गावात थंडीच्या दिवसांत गर्मी कुठं मिळणार? तर गुऱ्हाळात. आमचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. चुलाणाच्या भिंतीला लागून पत्र्याची एक खोली होती, थंडीत गडीमाणसं तिथं झोपायची. पलीकडं काहिलीत रस रटरटायचा, चुलाणात चिपाडं भडकायची आणि मधली भिंत अशी तापायची की हात टेकवायची सोय नाही. आण्णानं ती खोली सारवून घेतली, खिडकीला पोतं ठोकलं आणि दिवसभर भिंत तापली की संध्याकाळी दार लावून वर्ग सुरू केला. गावानं लगेच नाव ठेवलं, ‘गुळाचा योग’. आण्णाला ते आवडायचं नाही, पण माणसं यायला लागल्यावर त्यानं सोडून दिलं.

“लोखंड गार आसताना वाकवलं तर मोडतं,” तो सांगायचा. “लाल कर. मंग बघ, म्हणशील तसं वाकतंय.”

माणसाच्या हाडाला लोखंड कुणी केलं, हे विचारायचं तेव्हा आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. आमच्याकडं फौजेतून आलेल्या माणसाला कुणी उलटून विचारत नाही.

आणि खोटं कशाला बोलू, त्या वर्गात गुण होता. कोंडीबा म्हणून आमचा एक भाऊबंद, त्याला म्हशीच्या धारेला उकिडवं बसता यायचं नाही, तो बसायला लागला. एकाचा आखडलेला खांदा सुटला. ऊब लागली की अंग सैल पडतं, श्वास खाली पोटापर्यंत जातो, डोक्यातली कटकट थांबते. माझंही तसंच झालं. पहिले काही दिवस तर स्वर्ग होता बघा. त्या भिंतीजवळ आडवा झालो की पाठीतली कळ विरघळून जायची. कित्येक महिन्यांनी मी कुशीवर वळून झोपलो. मी डेपोतल्या मंडळींना निरोप धाडला, “गोळ्या फेका आणि आमच्या गुऱ्हाळात या.”

हे मी मुद्दाम लिहितोय. मी योगाचा वैरी नाही, उबेचाही नाही. पण त्याच उबेनं माझी कळ झाकली, आणि खालचं काम गुपचूप चालू राहिलं.

पोट गेलं, पोट गेलं

शालन म्हणजे माझी बायको. आमची लेक तिच्या आजोळी ठेवून ती माझ्याबरोबर गावाकडं आली होती. बोलायला कमी आणि बघायला जास्त, असा तिचा स्वभाव. आमच्याकडं धाकट्याची बायको थोरल्या दिराशी तोंडानं बोलत नाही. पदर डोक्यावर, नजर खाली आणि सांगायचं ते नवऱ्याच्या कानात. त्यामुळं आण्णाच्या वर्गाबद्दल तिला जे काही वाटत होतं ते सगळं माझ्या कानात यायचं.

माझं पोट गेलं. वर्गात सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं तेव्हा आण्णानं ते स्वतः पाडलं, कौतुकानं.

शालन म्हणाली, “पोट गेलं त्ये ठीक हाय. गाल का गेलं?”

“घामावाटं चरबी जाती, येडे.”

“आनि भाकरी का उरती ताटात?”

“हलकं खा म्हणतोय आण्णा.”

तिनं उरलेली भाकरी झाकून ठेवली. संध्याकाळी माझे कान गरम असायचे, डोळे लाल असायचे. तिनं विचारलं की मी म्हणायचो, भिंतीचा शेक आहे. पहाटे बनियन ओलं असायचं. मी म्हणायचो, संध्याकाळचा घाम अजून निघतोय. प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडं उत्तर तयार होतं आणि ते उत्तर म्हणजे ती खोली.

अवस

अवसेला आमच्याकडं बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत आणि चुलाणही पेटवत नाहीत. त्या दिवशी गुऱ्हाळ मुकं होतं. काहील धुऊन पालथी घातलेली, गडी आपापल्या घरी, आणि पौषातलं वारं असं की नाक गळावं.

आण्णा म्हणाला, “चुलाण न्हाई म्हणून परेड चुकवायची न्हाई. सवय मोडती.”

आम्ही त्या खोलीत जमलो. भिंतीला हात लावला तर गार दगड. कोंडीबानं घोंगडं काढायला नकार दिला. बाकीचे हात चोळत, कुडकुडत कसेबसे हातपाय हलवत होते. आणि मी? माझ्या कपाळावरून धार लागली होती. मानेवरून, छातीवरून घाम, धोतर कंबरेला चिकटलेलं. बाकीचे थांबून माझ्याकडं बघायला लागले.

आण्णानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला चटका बसला असणार. पण त्याचा चेहरा काय फुलला! “बघा रं बघा! ह्येला म्हणत्यात साधना. चुलाण इझलं, पर ह्येच्या अंगात आग हाय!”

एकानं तर मला हात जोडले. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. कंडक्टरला कोण हात जोडतो हो?

शालन चहाची किटली घेऊन दारात उभी होती. तिनं पदराआडून सगळं बघितलं. घरी आल्यावर तिनं किटली खाली ठेवली, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि तो हात तसाच धरून राहिली.

“आवं, ह्यो घाम चुलाणाचा न्हवं.”

“मंग कशाचा?”

“त्ये मला काय ठावं? पर आजपतुर चुलाण व्हतं म्हणून मी गप बसले. आज कशावर ढकलायचं?”

मी तिला रागावलो. घरच्या माणसाचं चांगलं झालेलं बघवत नाही का तुला, असं काहीतरी बोललो. पण त्या दिवसापासून त्या खोलीत शिरताना मी आधी भिंतीला हात लावून बघायला लागलो, आणि तरी शिरत राहिलो.

चप्पल

माझ्यावर खूश होऊन आण्णानं मला हलासन शिकवायला घेतलं. उताणं पडायचं आणि दोन्ही पाय उचलून डोक्यापलीकडं जमिनीला टेकवायचे. शेवटचं वीतभर अंतर राहिलं की तो आपल्या हातांनी दाब द्यायचा. एक दिवस पाठीत कडकन वाजलं. सगळ्यांनी ऐकलं.

“गाठ सुटली,” आण्णा म्हणाला. “आता मोकळा झालास गड्या.”

दुखलं नाही. हेच तर वाईट. नुसत्या मुंग्या आल्या, कंबरेपासून खाली, आणि त्या मुंग्या गेल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी पाय कापसावर पडल्यासारखे पडायला लागले. मला वाटलं, हेच ते हलकं होणं.

गुऱ्हाळाकडून घराकडं यायला उसातून पायवाट होती. मी पुढं, शालन मागं. मधेच तिनं हाक मारली, “आवं!” मी वळलो. तिच्या हातात एक चप्पल होती.

“कुणाची गं?”

ती नुसती माझ्या पायाकडं बघत राहिली. मी खाली बघितलं. माझा उजवा पाय अनवाणी होता. चप्पल केव्हा निसटली, किती अंतर मी तसाच चाललो, काही पत्ता नव्हता. पायवाटेवर सगळी उसाची खुंटं आणि पाचट. अंगठा फुटून रक्त आलेलं, आणि मला वाटत होतं माझ्या पायात चप्पल आहे.

मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. घाटात एकदा गाडीचा ब्रेक निकामी झाला होता तेव्हाही नाही.

शालन म्हणाली, “उद्या मिरज.” विचारत नव्हती, सांगत होती.

फोटो

आण्णाही बरोबर आला. “दावून टाकू एकदा. बाईमाणसाच्या जिवाला घोर नगं,” असं म्हणाला. ओळखीच्या कंडक्टरनं मला पुढची सीट दिली. मी तिकीट काढून बसलेला प्रवासी; कसंतरीच वाटत होतं.

डॉक्टर वयस्क होते, आवाज अगदी हळू. त्यांनी टेबलावरचा कागद मुद्दाम खाली टाकला आणि मला म्हणाले, “जरा देता का?” मी नेहमीप्रमाणं गुडघ्यांवर हात ठेवून बसलो आणि कागद दिला. त्यांनी तो घेतला, आणि फोटो काढायला पाठवलं.

फोटो आल्यावर त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. “हे मणके. हा एक, हा एक, हा एक. आता हे दोन बघा.” बाकीचे कसे चौकोनी, नीटनेटके होते. त्या दोघांच्या कडा उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारख्या होत्या.

“संध्याकाळी ताप येत होता?”

आण्णा म्हणाला, “ताप न्हाई साहेब, त्यो वर्गाचा शेक.”

“वजन उतरलं?”

“त्ये व्यायामानं.”

“रात्री घाम?”

आण्णानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शालन खाली मान घालून उभी होती. तिनं फक्त माझ्याकडं एकदा बघितलं. तेवढ्यात मला अवस आठवली.

“हा मणक्यांचा क्षय आहे,” डॉक्टर म्हणाले.

क्षय तर छातीत होतो, मी म्हटलं. मी खोकत नाही, माझ्या थुंकीत रक्त नाही. ते म्हणाले, तो हाडातही बसतो. मग त्यांनी विचारलं, कसले व्यायाम? आण्णानं सांगितलं. सगळं सांगितलं, लपवलं काही नाही, हलासनसुद्धा. तेवढा तो खरा माणूस.

डॉक्टरांनी फोटो टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “शेकानं तुम्हाला बरं वाटलं असणार. योग वाईट नाही, शेकही वाईट नाही. पण बरं वाटलं म्हणूनच तुम्ही उशिरा आलात. आता यांना पुढं वाकवायचं नाही. एकदासुद्धा नाही.”

“पाय?” शालननं मला विचारलं. मी डॉक्टरांना विचारलं, “पाय राहतील का?”

“औषध चालू करू,” ते म्हणाले. हो म्हणाले नाहीत.

पडून राहायची नोकरी

मला प्लॅस्टरच्या साच्यात उताणं झोपवलं. साचा म्हणजे माझ्याच पाठीच्या मापाची कडक खोबण. त्यातून उठायचं नाही, वळायचं नाही. खाणं, अंग पुसणं, नको ते सगळं तिथंच. दिवसभर चालत्या गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारा माणूस मी, आता माझ्या वाट्याला फक्त छत. त्या छतावरच्या ओलीच्या डागांत मी सगळी इस्लामपूर–लोणंद लाईन शोधून काढली होती.

सकाळी इंजेक्शन. दंड संपले की मांड्या, मांड्या संपल्या की पुन्हा दंड. वर कडू पुड्या, त्या घेतल्या की पोटात ढवळायचं. मग डॉक्टरांची फेरी. ते पायाशी उभे राहून म्हणायचे, “उचला.” मी पाय उचलायचो. “चांगलं.” पुढची खाट. त्या एका शब्दावर माझा दिवस जायचा.

शेजारी जतकडचा सिद्धाप्पा होता, मेंढरं राखणारा. त्याचा क्षय खुब्यात होता. बोलता बोलता त्याचं मराठी कानडीत शिरायचं. मी फार कण्हायला लागलो की म्हणायचा, “यप्पा, किती वरडतोस री! माझी मेंढी तुझ्यापरीस शाणी.” तोच मला हसवायचा. एक दिवस त्याचं दुखायचं थांबलं. त्यानं भावाला बोलावलं आणि निघाला. डॉक्टरांनी, सिस्टरांनी, मी, सगळ्यांनी सांगितलं, अरे औषध संपलेलं नाही. “दुखत न्हाई तर औषध कशाला री? चाऱ्याबिगर मेंढरं मरायल्यात तकडं,” असं म्हणून हसत, लंगडत गेला. त्याचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. मी जतच्या गाडीवरच्या कंडक्टरांना पुष्कळदा विचारलं. कुणाला माहीत नव्हतं.

घरचंही सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. क्षय हा शब्द गावात पोचला आणि घरी माझा पेला वेगळा झाला. शालनच्या आईनं आमच्या लेकीला भेटायला पाठवलं नाही, लांबूनही नाही. डेपोतले दोघे-तिघे यायचे ते दाराशी उभं राहून बोलायचे. शालन मात्र माझ्या ताटातलं उरलेलं खायला निघायची, मीच ओरडायचो. सिस्टरनी तिला समजावलं तेव्हा कुठं थांबली. त्याच सिस्टरनी मला पडल्या पडल्या पोटातून श्वास घ्यायला शिकवलं. हळू आत, हळू बाहेर. आण्णाच्या खोलीतला तेवढा एकच भाग मला तिथं उपयोगी पडला. भीती वर यायची तेव्हा तो श्वास धरून मी तग धरायचो. तुम्हीही धरा. त्याला भिंत तापवावी लागत नाही.

उचला

एका सकाळी डॉक्टर म्हणाले, “उचला.” मी उचलला. पाय तिथंच होता.

“उचला.”

मी दात-ओठ खाऊन जोर लावला. माझ्या मानेच्या शिरा ताणल्या असतील. दोन्ही पाय चादरीखाली दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडून होते. डॉक्टर ‘चांगलं’ म्हणाले नाहीत. आत पू साठून मज्जारज्जू दाबला जातोय, ऑपरेशन करावं लागेल, असं शालनला सांगितलं.

“मंग येतील न्हवं पाय?”

“सांगता येत नाही.”

बातमी गावात गेली आणि आण्णा जीप घेऊन आला. कोंडीबाला बरोबर आणलं होतं, उचलायला. खाटेशी येऊन त्यानं माझे पाय चादर काढून बघितले. मग मनगटानं डोळे पुसले.

“हितं आलास तवा चालत आलतास,” तो म्हणाला. “माझ्याकडं व्हतास तवा पाय डोस्क्याच्या पलीकडं टाकत व्हतास. आन ह्यांनी काय केलं? लोळवून लोळवून पाय घालवलं! आता पाठ फाडायची म्हणत्यात. चल घरला. चुलाण अजून चालू हाय. घाम जाईल तसा रोग जाईल.”

त्याचं एकेक वाक्य खरं होतं. मी चालतच आलो होतो. त्याच्याकडं मला बरंच वाटत होतं. आणि तो माझा भाऊ होता, माझ्यासाठी रडत होता. मला त्या भिंतीची ऊब आठवली. ते छत, त्या सुया, ते ‘सांगता येत नाही’, मला सगळ्याचा वीट आला होता. मी म्हणालो, “ने मला आण्णा.”

कोंडीबानं माझ्या काखेखाली हात घातला.

“आण्णा.”

आवाज कुणाचा ते मला आधी कळलंच नाही. शालन खाटेच्या पायथ्याशी उभी होती. पदर डोक्यावरच होता, पण नजर वर होती, थेट आण्णाच्या तोंडाकडं. लग्न झाल्यापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

“ह्यास्नी उचलायचं आसंल तर आदी मला उचलून भाईर टाका. पाय ऱ्हावू द्या न्हाईतर जाऊ द्या. रांगत आलं तरी माझं मानूस हाय, मी संबाळीन. पर त्या खोलीत पुन्यांदा न्हाई. तितं समद्यांनी ह्यांचा घाम बगितला, आनि ताप कुनी बगितला न्हाई.”

आण्णा सिद्धाप्पाच्या रिकाम्या खाटेवर बसला. एवढा गडी, एकदम म्हातारा दिसायला लागला. “मला वाटलं...” एवढंच म्हणाला. कोंडीबानं हात काढून घेतला. जीप रिकामी परत गेली, पण आण्णा गेला नाही. ऑपरेशनच्या कागदावर शालनच्या अंगठ्याखाली त्यानं स्वतःची सही केली.

वर्ग त्यानं बंद केला नाही. मीही बंद कर म्हटलं नाही. कोंडीबाचे गुडघे खरोखर सुटले होते. पण आता पाठदुखीवाला आला की आण्णा आधी विचारतो, संध्याकाळी अंग गरम होतं का? हो म्हणाला की दारातूनच त्याला मिरजेच्या गाडीत बसवतो. काही रागावून जातात. जाऊ देत.

दिवेलागण

ऑपरेशन झालं. पाठीतली कळ गेली, पाय मात्र तसेच. रोज शालन त्यांना तेल लावायची आणि विचारायची, “कळतंय?” मी म्हणायचो, “न्हाई.” पुढं पुढं तिनं विचारायचं सोडलं. तेल लावायचं सोडलं नाही. डॉक्टर अजूनही ‘उचला’ म्हणायचे, पण आता पायाकडं न बघता.

एकदा दिवे लागायच्या वेळी ती माझ्या उशाशी बसून लेकीबद्दल काहीतरी सांगत होती. माझं लक्ष नव्हतं. उजव्या घोट्याला काहीतरी टोचत होतं आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. आणि मग मला कळलं, मी कशाला शिव्या देतोय.

“शालन, घोटा! उजवा घोटा बघ!”

तिनं चादर उचलली. “डास हाय की.” हात उगारला.

“मारू नगंस! चावू दे. पोट भरंपतुर चावू दे त्याला!”

तिला कळायला क्षणभर लागलं. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदका आला. “कळतंय? खरंच कळतंय?” कळत होतं. खाज सुटली होती, आग होत होती, आणि त्याहून गोड असं काही मी आयुष्यात अनुभवलेलं नाही. आम्ही दोघं त्या डासाकडं बघत होतो. तो फुगला, जड झाला आणि आपला उडून गेला.

मग शालनची नजर माझ्या दुसऱ्या पायावर गेली. ती हसायची थांबली.

“आनि हितं?” तिनं हळूच विचारलं.

“हितं काय?”

मान जेवढी उचलता येत होती तेवढी उचलून मी बघितलं. डाव्या पावलावर तीन डास बसले होते, टच्च फुगलेले, लाल. केव्हाचे बसले होते कोण जाणे.

मी तिच्याकडं बघितलं आणि ‘न्हाई’ म्हणून मान हलवली. ते तिनं मारले.